जपानी बाजा, मराठवाडी गळा

लग्नसराईत बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्याने जा, गेवराईपासून अंबाजोगाईपर्यंत एखादी तरी वरात आडवी येतेच. वरात आली की वादही आला. 'डीजे लावला, आपली हलगी-सनई बुडाली, संस्कृती बुडाली' असे हळहळणारे एका बाजूला आणि 'पोरांना नाचायचे असते हो, तुमचे काय जाते' असे म्हणणारे दुसऱ्या बाजूला. हा वाद आता इतका सरावाचा झाला आहे की त्यात कोणी काय बोलणार हे आधीच ठाऊक असते. पण गाण्यात शिरलेल्या यंत्राकडे एकदा नीट पाहिले, तर दोन्ही बाजूंनी प्रश्नच चुकीचा धरला आहे असे वाटू लागते.

सुरुवात 'बँजो'पासूनच करू. महाराष्ट्रात बँजो पार्टी म्हटली की कोणालाही वेगळे काही सांगावे लागत नाही. गणपती असो, जयंती असो की वरात असो, बँजोची ती चिरकी, धारदार चाल लांबूनच ओळखू येते. या वाद्यावर २०१६ साली रवी जाधवांनी त्याच नावाचा हिंदी चित्रपटही काढला. पण आपला हा बँजो अमेरिकेतला बँजो नव्हे. तो बुलबुलतरंग आणि त्याचे मूळ घर जपान. नागोया शहरातल्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली टंकलेखन यंत्रासारख्या कळा तारांवर बसवून 'ताइशोगोतो' नावाचे वाद्य तयार केले. स्वस्त, सुटसुटीत, आणि शिकायला गुरूच्या दारात बारा वर्षे घालवावी लागत नाहीत, असे हे वाद्य हिंदुस्थानात आले आणि आपल्या मातीत असे रुजले की त्याचे जपानीपण कोणाच्या ध्यानीमनीही उरले नाही. पुढे त्याला विजेची जोड मिळाली, कर्णे लागले. म्हणजे 'परदेशी यंत्राने आपले संगीत बिघडवले' ही तक्रार ज्या मांडवात केली जाते, त्याच मांडवात एक परदेशी यंत्र आपले होऊन बसलेले असते.

पेटीची कथाही हीच. हार्मोनियम युरोपातून आली. ती श्रुतींना न्याय देत नाही, तिच्यात मींड निघत नाही, म्हणून आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके तिला दार बंद ठेवले होते. आक्षेप शास्त्राच्या दृष्टीने खोटा नव्हता. पण त्या तीस वर्षांत गावोगावच्या भजनी मंडळांनी पेटी काही खाली ठेवली नाही. आज हरिनाम सप्ताहात पेटी परकी आहे असे कोणी म्हटले, तर पेटीमास्तर हसतील. वाद्य कुठून आले याला, थोडक्यात, फारसा अर्थ नसतो.

मग अर्थ कशाला असतो? त्यासाठी जपानकडेच थोडे पाहावे लागेल, कारण विजेच्या वाद्यांचा हा संसार मोठ्या प्रमाणावर त्यांनीच उभा केला. रोलँड, यामाहा, कॅसिओ ही नावे आपल्याकडच्या वाद्यवृंदांच्या तोंडी किती सहज असतात! तिथेही गायकांपुढे हाच पेच होता. कोशी मिहारू या गायिकेचे उदाहरण बोलके आहे. १९७९ साली ती पुढे आली तेव्हा पियानोवर स्वतःची गाणी म्हणणारी, रूढ घाटाची गायिका होती. १९८३ साली हारुओमी होसोनो या संगीतकाराबरोबर 'तुतू' हा अल्बम तिने केला आणि तिचा ध्वनीच पालटला. पियानोच्या जागी सिंथेसायझर आले, तालयंत्राचा काटेकोर ठेका आला. पण गंमत म्हणजे त्या काटेकोरपणात तिचा गळा हरवला नाही, उलट अधिकच उठून दिसला. यंत्र इतके सरळ चालत होते की गळ्यातले प्रत्येक वळण कानाला जाणवावे. याच होसोनोंनी भारतभेटीनंतर १९७८ साली 'कोचीन मून' नावाची एक तबकडी केली होती. न निघालेल्या हिंदी चित्रपटाचे जणू काल्पनिक संगीत, आणि तेही सिंथेसायझरवर! आपण त्यांच्या यंत्रांकडे पाहत होतो, ते आपल्या सुरांकडे पाहत होते.

आणि टोकाला काय होते तेही जपाननेच दाखवले. २००७ साली तिथे 'हात्सुने मिकू' अवतरली. ही गायिका म्हणजे संगणकातला आवाज. एका अभिनेत्रीच्या ध्वनिमुद्रित उच्चारांचे तुकडे जुळवून वाटेल ते गाणे तिच्याकडून म्हणवून घेता येते. गळ्याला यंत्राची साथ, इथून निघालेला प्रवास गळ्यावाचून यंत्र, इथपर्यंत पोहोचला.

आपल्याकडचा अनुभव फार वेगळा नाही. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वादक म्हणून हयात घालवलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँडची तीन यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि त्याची तबकडी निघाली. त्या वेळी ती फारशी कोणी विकत घेतली नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा तिकडचे जाणकार थक्क झाले, कारण शिकागोत पुढे 'ॲसिड हाउस' म्हणून गाजलेल्या संगीताशी तिचे विलक्षण साम्य होते, आणि ती त्याच्या कित्येक वर्षे आधीची होती. यंत्र तेच होते, पण वाजवणाऱ्याच्या डोक्यात राग होता. म्हणून ते वाजणे निराळे झाले.

जपानी गायक नवा ध्वनी आजमावायचा असला की अनेकदा पाच-सहा गाण्यांचा 'मिनी अल्बम' काढतात. आपल्याकडे या कल्पनेचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही. पंचेचाळीस फेऱ्यांची, सात इंची, चार गाण्यांची ई.पी. तबकडी आपल्या घरांत होती. मराठी भावगीत आणि भक्तिगीत तिच्यावरच तर घरोघर गेले! चार गाण्यांत गायकाला काहीतरी नवे करून पाहता येई; फसले तर फार नुकसान नसे. पुढे कॅसेट आली आणि हे स्वातंत्र्य मुंबईबाहेरच्या, स्टुडिओची पायरी न चढलेल्या गायकांपर्यंत पोहोचले. शिंदे घराण्याच्या तीन पिढ्या पाहा. प्रल्हाद शिंदे यांचा खडा, मोकळा आवाज मुळात ढोलकी, पेटी आणि टाळ यांच्या साथीवर उभा होता. आनंद शिंदे यांनी ऐंशीच्या दशकात पोपटाच्या गाण्याने महाराष्ट्र डोलवला तो कॅसेटच्या बळावर. आदर्श शिंदे आज संगणकावर रचलेल्या भरगच्च संगीतात गातात. साथ तिन्ही वेळा पालटली, पण गळ्याची फेक ऐकली की घराणे कळते. ध्वनी बदलणे म्हणजे बाटणे नव्हे, हे सांगायला याहून मोठा पुरावा कशाला हवा?

आता बीडकडे वळू. ज्या अंबाजोगाईत दासोपंतांनी कागद सोडून कापडाच्या पासोडीवर लिहिले, तिथल्या माणसाला साधन बदलण्याचे भय वाटू नये. याच तालुक्यातल्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर. वारकरी भजनातला पखवाज त्यांनी शास्त्रीय मैफलीच्या मंचापर्यंत नेला आणि सरकारने त्यांना पद्मश्री दिली. त्यांचे चिरंजीव उद्धवबापूंनी ती परंपरा पुढे चालवली. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात. ती किती लावायची हे वादक हाताने ठरवतो, हवेतला ओलावा पाहून ठरवतो. यंत्राला ही कणीक लावता येत नाही हे खरे. पण माझा मुद्दा त्याही पुढचा आहे. सप्त्यातले कीर्तन आठवा. महाराज अभंगाचे चरण घोळवत घोळवत चढ घेतात, मृदंगवाला त्यांच्या ओठांकडे पाहत असतो, टाळकऱ्यांची पावले त्याच्या बोलांवर पडतात. लय कोणी आधी ठरवून दिलेली नसते. ती त्या क्षणी सगळ्यांच्या एकमेकांकडे असलेल्या कानातून तयार होते. साथ म्हणजे ऐकणे, आणि यंत्राची परीक्षा इथेच करायला हवी. ते गाणाऱ्याचे ऐकते की गाणाऱ्यालाच त्याचे ऐकावे लागते?

या कसोटीवर सगळी यंत्रे एकाच मापाने मोजता येत नाहीत. ऑक्टोपॅड हे जपानी यंत्रच, पण त्याच्या आठ रबरी चौकोनांवर काठ्या मारणारा माणूस असतो. तो गायकाकडे पाहतो, लय वाढवतो, चुकतो, सावरतो. कॅसिओवरची बोटेही ऐकत असतात. परंतु पेनड्राइव्हमध्ये भरून आणलेले गाणे कोणाचेच ऐकत नाही. नवरदेवाची आजी रस्त्याच्या कडेला कानावर हात ठेवून उभी आहे, हेही त्याला दिसत नाही.

इथे एक अवघड गोष्ट बोलायला हवी. ती टाळून हलगीच्या नावाने गळा काढणे अप्रामाणिकपणाचे होईल. हलगी कोण वाजवत होते? गावगाड्याने ते काम ठरावीक जातींच्या माथी मारले होते. लग्न पाटलाचे, पंगत पाटलाची, आणि वाजवणारा मांडवाबाहेर. वाजवायला नकार देण्याची सोय नव्हती. आंबेडकरी चळवळीने अशी गावकीची कामे नाकारायला शिकवले, त्यामागे स्वाभिमान होता. वामनदादा कर्डकांसारख्या लोककवींनी गाण्यालाच त्या स्वाभिमानाचे वाहन केले. ज्या तरुणाने आजोबांची हलगी खुंटीला लावून कॅसिओ किंवा ऑक्टोपॅड घेतला, त्याने परंपरेशी द्रोह केला असे म्हणण्याचा अधिकार मांडवात बसलेल्यांना नाही. नव्या वाद्याने त्याला ठरलेली बिदागी दिली, मंचावर जागा दिली आणि नावापुढे 'मास्तर' लावले. जपानी यंत्राला जात नव्हती, हा त्याचा आपल्याकडचा मोठाच गुण मानावा लागेल.

म्हणूनच डीजेच्या भिंतींबद्दलची माझी तक्रार वेगळी आहे. तिने हलगी बुडवली त्याहून मोठे दुःख हे की, हलगीतून सुटून मास्तर झालेल्या त्या तरुणालाही तिने घरी बसवले. ज्या वरातीत दहा-बारा वाजवणारे होते, तिथे आता एक जनरेटर, एक ट्रक आणि बटण दाबणारा एक मुलगा. पैसा वाजवणाऱ्यांच्या घरी जाण्याऐवजी डिझेलात आणि भाड्यात जातो. ज्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात, तिथे लग्नसराईतली ही कमाई लहान नव्हती.

'पण लोकांना हेच हवे आहे' असे यावर कोणी म्हणेल. लोकांना काय हवे हे इतक्या खात्रीने सांगू नये. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात हातात एकतारी घेऊन भीमगीते गातात. मोबाइलच्या इवल्याशा पडद्यावरून त्यांचा आवाज महाराष्ट्रभर गेला. त्या आवाजामागे ना भिंत होती ना ठेका, आणि तरी लोक थांबून ऐकत राहिले. मोबाइलही यंत्रच आहे. पण तिथे यंत्राने गळ्याला वाट करून दिली.

त्याहून जुने उदाहरण तर आपल्याच जिल्ह्यातले. गी पॉयटवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे प्रचंड काम केले; लाखाहून अधिक ओव्या त्यातून जमा झाल्या. त्या कामासाठी १९९६ साली माजलगावच्या भीमनगरातल्या बायांच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. जाती घरातून गेली, पिठाची गिरणी आली, पण त्या बायांचे सूर आजही ऐकायला मिळतात. यंत्राने तिथे काहीच वाजवले नाही. ते फक्त ऐकत बसले, आणि त्या ऐकण्यानेच एक ठेवा वाचला.

मग करायचे काय? बंदीची मागणी सोपी, पण तिच्याने काही उगवत नाही. आवाजाचे नियम २००० सालापासून आहेतच. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहानंतर कर्णे बंद ठेवायचे आहेत. ते पाळले तरी आजीचे कान वाचतील. पण वाजवणाऱ्याचे पोट नियमाने भरत नाही, ते यजमानाने भरावे लागते. लग्नाच्या खर्चात जिवंत वाजवणाऱ्यांसाठी एक वाटा ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. ज्याला हलगी वाजवायची आहे त्याला मानाने, मंचावर, ठरलेल्या पैशांत वाजवू द्यावे. ज्याला ऑक्टोपॅड वाजवायचा आहे त्याला तो वाजवू द्यावा. सप्त्याच्या समित्या मोठाल्या मंडपांवर खर्च करतात, त्यांनी गावातल्या दोन पोरांच्या मृदंग शिकण्याचा भार उचलावा.

आणि एक हौस बोलून दाखवतो. आज ध्वनिमुद्रणाची साधने एका टेबलावर मावतात. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायांची गाणी, आपेगावच्या वळणाचा पखवाज आणि एखाद्या तरुण मास्तराचा सिंथेसायझर असा चार गाण्यांचा छोटा संच बीडमध्येच का होऊ नये? अट एकच. आधी बाई गाईल, यंत्र तिचे ऐकेल, आणि तिने श्वास घेतला की तेही थांबेल. ज्या जिल्ह्याने नागोयाचे वाद्य आपले करून त्यावर वराती नाचवल्या, त्याला एवढे जमायला हरकत नाही.