दहा रुपयांचा शेअर स्वस्त कसा? आधी भागाकार करा!



"दहा रुपयांचाच शेअर आहे, स्वस्त आहे, घेऊन टाका!" हे वाक्य हल्ली स्टाफरूममध्ये आणि मोबाईलच्या ग्रुपवर सर्रास ऐकू येतं. माझं स्पष्ट मत आहे, नुसत्या भावावरून शेअर स्वस्त की महाग हे ठरतच नाही. वर्गात गुणोत्तर शिकवणाऱ्या आपण तरी हे ऐकून गप्प बसू नये.

आपल्या परभणीकडचं शेतीचंच उदाहरण घेऊ. समजा, एक एकर रान दहा लाखांना आहे आणि खर्च वजा जाता वर्षाला वीस हजार देतं. म्हणजे आपण एका वर्षाच्या उत्पन्नाच्या ५० पट पैसे मोजतोय. शेअरचंही तसंच. कंपनीच्या वर्षाच्या निव्वळ नफ्याला एकूण शेअरच्या संख्येने भागलं की प्रति शेअर मिळकत येते. शेअरच्या भावाला या मिळकतीने भागलं की येतो पीई रेशो, म्हणजे किंमत-मिळकत गुणोत्तर.

आता बघा. दहा रुपयांच्या शेअरमागे मिळकत २० पैसे असेल, तर पीई ५०. हजार रुपयांच्या शेअरमागे मिळकत ८० रुपये असेल, तर पीई १२.५. सांगा, महाग कोणता?

छेदाकडे दुर्लक्ष केलं की काय होतं, हे मुंबईच्या शेअर बाजाराने १९९२ मध्ये दाखवलं. हर्षद मेहताच्या तेजीत एसीसी या सिमेंट कंपनीचा शेअर सुमारे २०० रुपयांवरून ९,००० च्या आसपास गेला. या भावाचं समर्थन नफ्यावरून नव्हतंच. असा कारखाना आज नव्याने उभारायला किती खर्च येईल, त्यावरून भाव ठरवा, असं सांगितलं जात होतं. एप्रिलमध्ये घोटाळा उघड झाला आणि बाजार कोसळला.

पण कमी पीई म्हणजे चांगलाच शेअर, असंही नाही. एखाद्या साली पाऊस साधला, सोयाबीनला भाव लागला, म्हणून त्या एका सालावरून रानाची किंमत कोणी ठरवत नाही. बेंजामिन ग्रॅहॅम यांनीही सामान्य गुंतवणूकदाराला तीन वर्षांच्या सरासरी मिळकतीच्या १५ पटीपेक्षा जास्त भाव देऊ नका, असं सुचवलं होतं.

छेदात काय धरलंय, तेही पाहावं लागतं. मार्च २०२१ च्या अखेरीस निफ्टीचा पीई काढताना उपकंपन्यांचा नफाही धरायला सुरुवात झाली आणि आकडा सुमारे ४० वरून एकदम ३३ वर आला. भाव फारसे हलले नव्हते, छेद बदलला होता! तुलनाही एकाच धंद्यातल्या कंपन्यांची करावी. बँकेची सिमेंटशी नको. आणि कंपनी तोट्यात असेल तर पीईला अर्थच उरत नाही.

हा विषय आपला कसा, असं कोणी विचारेल. १ नोव्हेंबर २००५ पासून नेमणूक झालेल्या आपल्यापैकी बहुतेकांना जुनी पेन्शन नाही. राष्ट्रीय पेन्शन योजनेतला काही पैसा शेअरमध्येच जातो, आणि उरलेल्या चिंतेपोटी बरेच जण स्वतःही शेअर घेतात. म्हातारपणाची पुंजी कोणाच्या तरी मेसेजवर लावायची का?

पीई भविष्य सांगत नाही, पण घाई नक्की थांबवतो. म्हणून ग्रुपवर पुढची "टीप" आली, की एकच प्रश्न विचारा, "प्रति शेअर मिळकत किती?" उत्तर आलं नाही, तर पैसे खिशातच राहू द्या. पालकांनी तर हा भागाकार मुलांकडूनच करून घ्यावा. गणित कशाला शिकायचं, हे त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही.