भादव्यातली भूक आणि पुढच्या वर्षीची खावटी

खावटी म्हणजे काय, हे मंत्रालयात बसणाऱ्यांना खरंच ठाऊक आहे का? आवणी उरकली की मजुरी संपते. कणगी रिकामी झालेली असते आणि नाचणी-वरईला अजून दाणा धरलेला नसतो. त्या दिवसांत चूल पेटती ठेवणारं धान्य म्हणजे खावटी. सरकारनं १९७८ मध्ये याच नावाची कर्जयोजना काढली आणि पुढे २०१३-१४ पासून ती बंद पाडली. करोनानं आदिवासींच्या हातचं काम गेलं, तेव्हा कुठे तिची आठवण झाली. सप्टेंबर २०२० मध्ये शासन निर्णय निघाला. ११ लाख ५५ हजार कुटुंबं, ४८६ कोटी रुपये, घरटी चार हजार: दोन हजार बँकेत, दोन हजारांच्या वस्तू. त्या वस्तू पाड्यांवर पोचायला २०२१ उजाडलं.

जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यांवर मी या योजनेचे अर्ज भरले आहेत. वाटप झालं त्या दिवशी एका कातकरी आजीनं माझ्यासमोर पिशवी सोडली. मटकी, चवळी, वाटाणा, साखर, गरम मसाला. तळापर्यंत हात घालून तिनं विचारलं, "तांदूळ नाय?" नव्हता. नाचणीही नव्हती. तांदूळ रेशनवर मिळतो, हे उत्तर अधिकाऱ्यांच्या तोंडी तयार असतं. आजीच्या कार्डावर मुलगा-सून आणि नातवंडं चढलेलीच नव्हती, त्यासाठी तिनं किती खेपा घातल्या हे त्यांनी कधी विचारलं नाही. वर्षभर पोट मारलेल्या घरात गरम मसाला पाठवणाऱ्याचा मला आजही संताप येतो.

पण खरा घात तारखेनं केला. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. भट्टीवाल्याकडून उचल मात्र त्याआधीच, श्रावण-भादव्यात, घरात दाणा नसताना घेतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा भट्टीचा हंगाम अर्ध्यावर होता. उचल फिटली नाही, बाकी वहीत राहिली. त्या पावसाळ्यात खावटी हातात पडली असती, तर आजीच्या मुलानं पुन्हा उचल घेतली नसती. त्याला घ्यावी लागली. जुन्या बाकीवर नवी चढली आणि दिवाळीनंतर पोरांसकट सगळे पुन्हा भट्टीवर गेले. १९७६ मध्ये कायद्यानं संपवलेली वेठबिगारी अशी चालू राहते, आणि तिला मोकळं रान दिलं ते सरकारच्या दिरंगाईनं.

"काहीतरी दिलं ना?" असं मला शहरातले मित्र विचारतात. टाळेबंदीच्या त्या वर्षी रोजगार हमीची मजुरी दिवसाला २३८ रुपये होती. म्हणजे चार हजार हे जेमतेम सतरा दिवसांचं काम. ते काम पाड्याजवळ काढून आठवड्याच्या आठवड्याला मजुरी चुकती केली असती, तर कुणाला पिशवीसाठी रांगेत उभं राहावं लागलं नसतं. कातकरी, कोलाम, माडिया गोंड यांची नोंद सरकारनंच आदिम जमाती म्हणून केली आहे. त्यांच्यापर्यंत सगळ्यात आधी पोचायचं, हे सांगायला शासन निर्णय कशाला लागतो?

खावटी जूनच्या आत द्या. तीत तांदूळ आणि नाचणी घाला. आणि तहसीलदारांनी भट्टीवर जाऊन उचलीची वही स्वतः उघडावी. आजीच्या मुलाच्या नावापुढे तिथे किती बाकी लिहिली आहे, हे त्याला अजूनही वाचता येत नाही.