छायाचित्राची पुष्पिका

हस्तलिखिताच्या शेवटी लेखनिक जी पुष्पिका लिहितो, तिचे महत्त्व मराठीच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको. नक्कल कोणी केली, कुठे केली, कोणत्या शकात केली, हे तिच्यातून कळते. स्वस्त डिजिटल कॅमेऱ्याने जुन्या नियतकालिकांची पाने टिपणारे आपणही एका अर्थी लेखनिकच. मात्र ती छायाचित्रे संगणकावर उतरवणे ही आपल्याला निव्वळ हमाली वाटते. माझ्या मते ते संपादनाचेच काम आहे.

हे मत नुकसान सोसून बनले आहे. २००७ साली एका खासगी संग्रहातील मासिकाचे जुने अंक मी दोन दिवस बसून टिपले. पहिल्या रात्री ११२ चित्रे संगणकावर घेतली आणि कार्ड पुसून टाकले. कार्ड रिकामे होताच माझ्या कॅमेऱ्याने पुन्हा ०००१ पासून मोजणी सुरू केली. दुसऱ्या रात्री नवी चित्रे त्याच फोल्डरमध्ये घेतली. या नावाच्या फाइली आधीच आहेत, त्या बदलायच्या का, असे संगणकाने विचारले. झोपेच्या भरात मी सरसकट होकार दिला आणि पहिल्या दिवसाचे काम पुसले गेले. वर्षभराने पुन्हा गेलो, तेव्हा संग्राहक निवर्तले होते आणि अंक रद्दीत गेले होते.

यंत्राने विचारले होते. उत्तर माझे चुकले. डिजिटल कॅमेरे 'डीसीआयएम' नावाच्या फोल्डरमध्ये चित्रे साठवतात आणि सर्वसाधारणपणे चार अक्षरे व चार अंक एवढेच नाव देतात. त्या नावाला अर्थ नसतो. चित्राच्या पोटात 'एक्झिफ' ही नोंद असते. तीत कॅमेऱ्याचे मॉडेल, तारीख, वेळ असते. ही यंत्राची पुष्पिका. पण बॅटरी बराच काळ काढून ठेवली की स्वस्त कॅमेऱ्याचे घड्याळ मूळ तारखेवर जाते आणि पुष्पिकाच खोटी ठरते.

आता मोबाइल चित्राला दिनांकाचे नाव देतो, प्रतही परस्पर दूर साठवतो. मग ही चिंता कशाला, असे कोणी विचारील. परंतु तो दिनांक आपण पान टिपल्याचा असतो, पान छापल्याचा नव्हे. मासिक कोणते, अंक कोणता, हे यंत्राला ठाऊक नसते. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत पाठ ताडून पाहण्यासाठी घेतलेल्या प्रत्येक पोथीला सांकेतिक खूण आहे. पाठ कोणत्या पोथीतला हे सांगता आले नाही, तर पाठभेदाची चर्चाच संभवत नाही.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. प्रत्येक अंकाचे मुखपृष्ठ आधी टिपावे. चित्रे कार्डावरून 'कट' न करता 'कॉपी' करावीत. प्रत्येक दिवसाचा फोल्डर निराळा ठेवावा. चित्रांची संख्या जुळवावी, काही उघडून पाहावीत, दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्यावी आणि मगच कार्ड पुसावे. त्याच रात्री फाइलींना मासिक, वर्ष, महिना, पृष्ठ या क्रमाने नावे द्यावीत. उद्यावर टाकलेले हे काम सहसा होत नाही.

संशोधनपद्धतीच्या तासाला आपण संदर्भसूचीतील स्वल्पविरामावर घटका घालवतो. त्यातला अर्धा तास या कामाला द्यायला हरकत नसावी. मूळ अंक नष्ट झाल्यावर आपण टिपलेले पान हीच उरलेली पोथी असते. तिची पुष्पिका आपल्यालाच लिहावी लागेल.