चढणीचे मासे आणि वीकांताचे वाघ

जूनच्या एखाद्या वीकांताला खांडसहून शिडी घाटाने भीमाशंकर करायचं, हा आमच्या हापिसातल्या टोळक्याचा ठरलेला कार्यक्रम. यंदा चढायच्या आधीच गाडी थांबली. रस्त्याकडेला एक पोरगा पाटीत मासे घेऊन बसला होता. जिवंत, पोटं टम्म फुगलेली. "चढणीचे आहेत रे, गाभोळीवाले!" टीम लीड ओरडला आणि अख्खी पाटी उचलली. पैसे मीही भरले, त्यामुळे पुढची सगळी चिडचिड आधी स्वतःवर आहे हे मान्य करून टाकतो.

तर मंडळी, चढणीचा मासा म्हणजे काय? पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यांना पाणी आलं की उन्हाळाभर डोहात तग धरलेले मासे प्रवाहाच्या उलट निघतात, ओहोळांतून थेट भातखाचरांपर्यंत. मजा म्हणून नाही. तिथलं उथळ, नुकतं साठलेलं पाणी कोमट असतं, बारीक किड्यांनी आणि शेवाळाने भरलेलं असतं, आणि मोठे शिकारी मासे तिथवर फारसे पोचत नाहीत. अंडी तिथे, पिल्लं तिथे, आणि पाऊस ओसरला की पिल्लं खाली डोहात. आपल्या भाषेत, माशाची डेव्हलपमेंट आणि प्रॉडक्शन एन्व्हायर्नमेंट वेगळी आहेत :) आणि आपण नेमके मधल्या जिन्यावर पाटी घेऊन बसतो.

हेच पाणी पुढे उल्हास नदीतून वसईच्या खाडीला जातं. खाऱ्या पाण्यातही गोष्ट तीच. जिताडा घ्या. अंडी नदीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात. पिल्लं भरतीबरोबर आत येतात, खारफुटीच्या मुळांत लपतात, कधी पार गोड्या पाण्यापर्यंत जातात. (पेण-अलिबागच्या खारेपाटात हीच पिल्लं तळ्यात घेऊन वाढवतात.) वाढलेला मासा अंडी घालायला परत मुखाशी. त्यात गंमत अशी की तो आधी नर असतो आणि काही वर्षांनी बहुतेक मादी होतो. म्हणजे आपण ज्याच्याबरोबर फोटो काढून मिरवतो तो भलाथोरला जिताडा बहुधा बाई असते.

आता आपलं धोरण बघा. २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा केलं. छान. आणि २०२२ च्या डिसेंबरात बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार खारफुटीची झाडं तोडायला उच्च न्यायालयाने परवानगी दिली. बदल्यात दुसरीकडे लावू म्हणे! अहो, झाड दुसरीकडे लागेलही, पण या खाडीत शिरणाऱ्या पिल्लाला तो नवा पत्ता कोण कळवणार?

डोंगराच्या पलीकडे तरी वेगळं काय आहे? भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ चं, शेकरूसाठी ओळखलं जाणारं. शेकरू झाडावरच राहतो, त्याला एक पत्ता पुरतो. महसीर पावसाळ्यात वरच्या गोट्यांच्या वाहत्या पाण्यात अंडी घालायला चढतो. त्याच्यासाठी भीमेवर चासकमानची भिंत, घोडवर डिंभ्याची. भिंतीखालच्या माशाला 'पुढे रस्ता बंद', मग वरचं जंगल कितीही राखा.

हे सगळं ऐकवल्यावर मित्र म्हणाला, "गावातले लोक पिढ्यानपिढ्या धरतायत, तू कोण शहाणा?" मुद्दा बरोबर आहे. ठाकर-कातकऱ्यांच्या घरात ते चार दिवसांचं कालवण असतं, त्यांना मी काय बोलणार! पण कालवणापुरते धरणं वेगळं आणि पुण्या-मुंबईच्या गाड्या थांबतात म्हणून धरणं वेगळं. पाटीला तोंडाला येईल तो भाव मिळायला लागला की कुठेतरी कोणीतरी ओढ्यात ब्लीचिंग पावडर ओततो, नाहीतर विजेची तार सोडतो. त्यात पिल्लंही गेली. समुद्रात निदान १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. ओढ्यावरच्या आपल्या गाडीला कोण अडवतंय?

त्या दिवशी पायथ्याच्या एका घरी मावशींनी गाभोळी तळून दिली. मीही खाल्ली, आणि खोटं कशाला बोलू, अप्रतिम होती. पुढच्या जूनच्या पाटीची वर्गणी मात्र माझ्याकडून येणार नाही, टोळक्याने हिशेबात धरू नये.