आराखडा परका, ऊन आपले

इलेक्ट्रॉनिक उपकरण तीन वेगवेगळ्या कामांतून घडते. चिपचा आराखडा आखणे हे पहिले काम. ती चिप सिलिकॉनच्या चकतीवर प्रत्यक्ष उमटवणे हे दुसरे. ते फॅब नावाच्या कारखान्यात होते. अशा चिप्स, कपॅसिटर, कनेक्टर आणि वीजपुरवठ्याचे सर्किट एका बोर्डावर बसवून तो बोर्ड वर्षानुवर्षे चालेल असे करणे हे तिसरे. आपल्याकडच्या चर्चेत यांपैकी दुसऱ्याच कामाचा गाजावाजा असतो, आणि तोही ढिसाळपणे. साणंदचा मायक्रॉनचा किंवा जागीरोडचा टाटांचा प्रकल्प हा चिपच्या पॅकेजिंगचा व तपासणीचा आहे. खऱ्या अर्थाने फॅब म्हणावा असा प्रकल्प धोलेऱ्याचा आहे. पण बोलताना सगळ्यांनाच फॅब म्हटले जाते.

या ढिसाळपणातून एक मत रूढ झाले आहे, आणि ग्वाल्हेरसारख्या शहरात ते फार आत्मविश्वासाने मांडले जाते. ते असे : हार्डवेअर म्हणजे चिप, चिप म्हणजे फॅब, आणि फॅब म्हणजे हजारो कोटी रुपये. केंद्राने डिसेंबर 2021 मध्ये सेमीकंडक्टरसाठी 76,000 कोटींची योजना मंजूर केली. मध्य प्रदेशाने 2025 मध्ये स्वतःचे सेमीकंडक्टर धोरण आणले. ग्वाल्हेरला दूरसंचार उपकरणांच्या निर्मितीचे स्वतंत्र क्षेत्र उभारण्याची घोषणाही झाली. तेव्हा मोठा कारखाना येईपर्यंत येथल्या अभियंत्याने सॉफ्टवेअर लिहावे, नाहीतर पुणे-बेंगळुरूची गाडी पकडावी. कारखाना आला की आराखड्याचे काम मागोमाग येईलच. बोर्डाचे म्हणाल, तर चिप विकणारी कंपनी नमुना आराखडा फुकट देते. तो उतरवून घेतला की झाले. असा हा पूर्वपक्ष आहे.

हार्डवेअर म्हणजे फॅब, हे त्यातले पहिले विधान इतिहासाला धरून नाही. 1983 ते 1985 दरम्यान इंग्लंडच्या केंब्रिजमध्ये एकॉर्न या छोट्या कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी एका प्रोसेसरचा आराखडा केला. कंपनीकडे फॅब नव्हता. चिप दुसऱ्याच कंपनीने घडवून दिली. तीच एआरएमची पहिली चिप. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये तिचे वंशज आहेत, आणि एआरएमची कीर्ती फॅबशिवाय उभी आहे. तैवानची टीएसएमसी 1987 मध्ये स्थापन झाली ती दुसऱ्यांच्या आराखड्यांवरून चिप घडवून देण्यासाठीच. आराखडा एकीकडे आणि घडण दुसरीकडे, ही व्यवस्था त्यानंतर अपवाद न राहता प्रघात झाली.

त्या पहिल्या चिपची एक गोष्ट तिसऱ्या कामाचे मोल सांगते. चिप किती वीज खाते हे मोजायला फर्बर यांनी मीटर लावला, तर काटा शून्यावर. शोध घेतल्यावर कळले की बोर्डावर चिपला जाणारी विजेची जोडणीच लागलेली नव्हती. सिग्नलच्या तारांमधून झिरपणाऱ्या विजेवर ती चालली होती. चिप अपूर्व खरीच, पण बोर्ड चुकलेला होता.

कारखाना आला की आराखडा मागोमाग येतो, हे दुसरे विधान. याची परीक्षा आपल्याच देशात होऊन गेली आहे. मोहालीची सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड ही कंपनी 1976 मध्ये स्थापन झाली आणि 1984 मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. फेब्रुवारी 1989 मध्ये आगीने तो कारखाना भस्मसात केला, आणि देश जी वाटचाल गमावून बसला तिची हळहळ अजून व्यक्त होते. हळहळ रास्तच आहे. पण आगीआधीच्या पाच वर्षांत त्या कारखान्याभोवती आराखडाकारांच्या कंपन्यांचे मोहोळ काही उठले नव्हते. ते उठले बेंगळुरूला, जिथे व्यापारी फॅब नव्हता. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने 1985 मध्ये तेथे केंद्र काढले, आणि आराखडाकारांभोवती आराखडाकार जमत गेले. मोहालीच्याच पुन्हा उभ्या राहिलेल्या संस्थेत पुढे, 180 नॅनोमीटरच्या तंत्राने, इस्रोच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचा 32-बिट विक्रम 3201 प्रोसेसर घडला. हे तंत्र जगाने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गाठलेले. अग्निबाणाला ते पुरते, कारण अग्निबाणाला हवी असते खात्री. वेगाचा विक्रम नको असतो.

येथे पूर्वपक्षाचे एक म्हणणे मान्य करायला हवे. संरक्षण आणि अवकाश या क्षेत्रांत स्वतःचा फॅब असणे ही चैन नव्हे. परंतु तो देशात असावा यावरून तो ग्वाल्हेरलाच असावा, किंवा तो येईपर्यंत ग्वाल्हेरने हात बांधून बसावे, असे निघत नाही. फॅबला अखंड वीज आणि अतिशुद्ध पाण्याचा प्रचंड साठा लागतो. शहराला पाणी देणारा तिघरा तलाव उन्हाळ्यात कसा होतो हे ग्वाल्हेरकरांना सांगायला नको. शहराजवळच्या मालनपूरला ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या सीजी पॉवरने, म्हणजे पूर्वीच्या क्रॉम्प्टन ग्रीव्हजने, चिप पॅकेजिंगसाठी साणंद निवडले. त्यात रुसण्यासारखे काही नाही.

तिसरे विधान सर्वांत फसवे आहे, म्हणून त्याचा समाचार सविस्तर घ्यावा लागतो. नमुना आराखडा उतरवून घेतला की बोर्ड तयार, असे मानणारा बोर्डाला कागदावरचे चित्र समजतो. नमुना आराखडा 25 अंशांच्या वातानुकूलित खोलीत, स्वच्छ हवेत, स्थिर विजेवर तपासलेला असतो. ग्वाल्हेरचा मे महिना 45 अंशांचा, हवा धुळीची, आणि वीज कशी असते ते ज्याचे त्याने आठवावे.

अगदी साधे उदाहरण घ्यावे. बोर्डाला 12 व्होल्ट मिळतात, सर्किटला हवेत 5 व्होल्ट आणि अर्धा अँपिअर. स्वस्त आणि सर्वांच्या ओळखीचा उपाय म्हणजे 7805 हा तीन पायांचा रेग्युलेटर. तो उरलेले 7 व्होल्ट उष्णतेत घालवतो. म्हणजे साडेतीन वॉट. त्याला छोटा हीट सिंक लावला, तर दर वॉटमागे आतले तापमान सुमारे 20 अंशांनी चढते असे धरू. एकूण वाढ 70 अंश. प्रयोगशाळेत 25 अधिक 70, म्हणजे 95. मर्यादा 125 ची, तेव्हा सारे आलबेल. आता हाच बोर्ड गच्चीवरच्या बंद पेटीत ठेवला. बाहेर 45, आणि उन्हाने व आतल्या उष्णतेने पेटीतली हवा 65. त्यात 70 मिळवले की 135. मर्यादा ओलांडली. आणखी थोडा तापला की रेग्युलेटर स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो, निवला की चालू होतो, पुन्हा बंद पडतो. दुरुस्तीवाला संध्याकाळी येतो तेव्हा यंत्र ठणठणीत असते. आराखड्यातला हा दोष ग्राहक ‘नेटवर्क जाते-येते’ या शब्दांत सांगतो.

यावर उतारा आहे : बक कन्व्हर्टर. तो वीज जाळत नाही, वेगाने चालू-बंद करून वाटतो. नव्वद टक्के कार्यक्षमता धरली तर उष्णता साडेतीन वॉटची सुमारे पाव वॉटवर येते. पण फुकट काहीच नाही. त्याच्या चालू-बंद होण्यातून विद्युतचुंबकीय गोंगाट निघतो, आणि बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक लांब व वेडेवाकडे असले तर तेच अँटेना बनतात. उष्णतेचा प्रश्न सुटला की गोंगाटाचा उभा राहतो. हार्डवेअरचा आराखडा म्हणजे अशा देवघेवींचा हिशेब. सिम्युलेशन त्यात मदत करते, पण सिम्युलेशनला जे सांगावे तेवढेच त्याला कळते. पेटी गच्चीवर आहे हे कोणी सांगितलेच नाही, तर त्याला ते कसे कळणार?

कपॅसिटरचेही तेच. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरच्या आयुष्याचा ठोकताळा असा की तापमान दर 10 अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट होते. 105 अंशांना 2,000 तास टिकणारा कपॅसिटर 65 अंशांना 32,000 तास टिकेल, म्हणजे साडेतीन वर्षांहून थोडा अधिक. पेटी 75 वर राहिली तर 16,000 तास. दोन वर्षेही नाहीत. दहा अंशांत आयुष्य निम्मे! वाढीव दर्जाचा कपॅसिटर घेणे, किंवा तो गरम होणाऱ्या भागापासून चार सेंटिमीटर दूर बसवणे, हे निर्णय नमुना आराखड्यात लिहिलेले नसतात. लिहिणाऱ्याने ग्वाल्हेर पाहिलेले नसते.

विजेची गोष्ट याहून जहाल. तीन फेजच्या लाइनवर कुठेतरी न्यूट्रल तुटली की काही घरांत 230 व्होल्टच्या जागी 400 च्या आसपास व्होल्ट जाऊ शकतात. एरवी 230 व्होल्टचे डीसीत रूपांतर केल्यावर शिखर 325 चे असते, आणि ॲडॅप्टरमधला मुख्य कपॅसिटर सर्रास 400 व्होल्टचा. न्यूट्रल तुटल्यावर तेच शिखर साडेपाचशेच्या पुढे जाते. कपॅसिटर फुगतो वा फुटतो, सर्ज रोखायला लावलेला 275 व्होल्टचा एमओव्ही जळतो, आणि गल्लीतले टीव्ही, राउटर एका मिनिटात जातात. उपाय नवा नाही : वरच्या व्होल्टेजचा एमओव्ही, जास्त दाबाचे कपॅसिटर किंवा व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले की पुरवठा तोडणारे सर्किट. खर्च थोडासाच. पण तो खर्च करावा हे ठरवायला न्यूट्रल तुटण्याचा अनुभव असलेला माणूस आराखड्याच्या टेबलावर बसलेला लागतो.

परका आराखडा आणि आपली जमीन यांचा मेळ बसवण्याची गोष्ट ग्वाल्हेरला नवी नाही. विश्वेश्वरय्यांनी पुण्याजवळ खडकवासल्याला 1903 मध्ये बसवलेले स्वयंचलित दरवाजे पुढे तिघऱ्याच्या धरणालाही बसले. ते धरण मात्र 1917 च्या पावसाळ्यात फुटले. पुराचे पाणी भिंतीवरून गेले, आणि पायाच्या वालुकाश्मात शिरलेल्या पाण्याने भिंत हलली, असे त्याचे कारण सांगितले जाते. कल्पना पुण्याहून आणता आली. पायाचा खडक ग्वाल्हेरचाच होता.

2021 च्या चिपटंचाईने या वादात एक निर्णायक साक्ष दिली. मोटारींचे कारखाने बंद पडले ते महागड्या, अत्याधुनिक चिप्सवाचून नव्हे. जुन्या तंत्राच्या साध्या चिप्स मिळेनात म्हणून. टेस्लाकडेही त्या चिप्सचा फॅब नव्हता. तिने दुसरे मायक्रोकंट्रोलर शोधले, त्यांच्यासाठी आतले सॉफ्टवेअर पुन्हा लिहिले आणि गाड्या सोडल्या. ज्याला आपल्या बोर्डाच्या आतले कळते त्याला पर्याय सुचतो. नमुना उतरवून घेणारा पुरवठादाराच्या दाराशी बसून राहतो.

एवढ्याने पूर्वपक्ष पूर्ण निकालात निघत नाही. मुले शहर सोडून जातात हे खरे आहे, आणि पगार हे त्याचे एकमेव कारण नव्हे. ग्वाल्हेरला 1957 पासून माधव तंत्रशिक्षण संस्था आहे, 1997 पासून अटलबिहारी वाजपेयींच्या नावाची भारतीय माहिती तंत्रज्ञान व व्यवस्थापन संस्था आहे. बुद्धीचा तुटवडा येथे नाही. तुटवडा आहे तो आराखडा आणि बाजार यांच्या मधल्या पायऱ्यांचा. कपॅसिटर हजारोंच्या रिळाने मिळतात, लागतात वीस. सुटे घेतले तर अस्सल की नक्कल याची खात्री नाही. बोर्डात एक चूक निघाली की नवा बोर्ड येईपर्यंत आठवडे जातात, आणि पहिल्या बोर्डात चूक निघतेच. ती न निघणे हाच संशयाचा विषय. शिवाय अनेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंना भारतीय मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणी लागते आणि दूरसंचार उपकरणांना त्यांची वेगळी सक्तीची तपासणी. गोंगाट मोजायला विद्युतचुंबकीय कक्ष लागतो. तो हाताशी नसेल तर प्रत्येक दुरुस्तीनंतर उपकरण पिशवीत घालून दूरच्या शहराची वारी करावी लागते, आणि तिथे तासांचे भाडे भरावे लागते. तिसऱ्या वारीनंतर माणूस तिकडेच घर पाहतो.

म्हणजे अडचण भूगोलाची नाही, सोयींची आहे. आणि सोयी फॅबच्या तुलनेने फार स्वस्त आहेत. उलट भूगोल हेच येथले भांडवल ठरू शकते. जानेवारीच्या पहाटे हाडे गोठवणारी थंडी, मेमध्ये 45 च्या वर पारा, मधल्या काळात धूळ, मग दमट पावसाळा : उपकरणाचा कस पाहणारी अशी प्रयोगशाळा पैसे देऊन उभारावी लागते. ग्वाल्हेरला ती गच्चीवर फुकट आहे. जो राउटर, जो सौर इन्व्हर्टर, जो सिंचनपंपाचा नियंत्रक येथे पाच वर्षे टिकेल, तो उत्तर भारतात बहुतेक ठिकाणी टिकेल. अशा वस्तूंना तीन नॅनोमीटरची चिप लागत नाही. बाजारात सहज मिळणारा मायक्रोकंट्रोलर आणि विचारपूर्वक केलेला बोर्ड लागतो.

ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात माधवराव शिंद्यांच्या काळापासून, 1905 पासून, देशोदेशीचा माल येतो आहे, आणि आता तिथे इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दालने असतात. विकणारे ग्वाल्हेरचे, घेणारे ग्वाल्हेरचे, आराखडा मात्र बाहेरचा. दूरसंचार क्षेत्रात उद्या जुळणीचे कारखाने आले आणि आराखडा बाहेरूनच येत राहिला, तर मेळ्याहून ते वेगळे काय ठरेल? रोजगार मिळेल, ही गोष्ट लहान नाही. पण दर नव्या मॉडेलला परवानगी आणि आराखडा दुसरीकडूनच मागावा लागेल.

तेव्हा ग्वाल्हेरच्या या दूरसंचार क्षेत्राची आखणी करणाऱ्यांकडे मागणी एवढीच : एक उष्णता-कक्ष, एक विद्युतचुंबकीय कक्ष, वीस-पंचवीस बोर्ड दोन दिवसांत जुळवून देणारी छोटी लाइन, सुटे पण अस्सल भाग देणारे भांडार, आणि या सगळ्यावर दोन्ही तंत्रशिक्षण संस्थांतल्या विद्यार्थ्यांचा व शहरातल्या छोट्या उद्योजकांचा हक्क. पहिला भूखंड वाटण्याआधी या सोयींची इमारत बांधावी.