घरातले नेट कुणाच्या खिशात?

गेल्या पावसाळ्यात चार दिवस गावी जाऊन राहिलो. विट्याजवळच्या आमच्या गावात चुलतभावाचे बिऱ्हाड आहे. पुण्यात लिखाण अडले, की लॅपटॉप घेऊन तिथल्या माडीवर जाऊन बसायचे, ही निवृत्तीनंतर जडलेली सवय. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास पुतणी धापा टाकत जिना चढून आली. हातात तिचाही लॅपटॉप, पुण्याहून जुना घेऊन दिलेला. म्हणाली, "तात्या, तुमच्या मोबाइलला नेट आहे ना? पाचपर्यंत ऑप्शन फॉर्म भरायचाय, आज शेवटचा दिवस आहे आणि पप्पा आटपाडीला गेलेत."

पप्पा डाळिंबाच्या सौद्याला गेले, त्याचा फॉर्मशी काय संबंध, हे मला क्षणभर उमजेना. खालून तिच्या आईने खुलासा केला, "नेट घेऊनच गेलेत ते!"

ते वाक्य अजून डोक्यातून गेलेले नाही.

हॉटस्पॉट ही काय चीज आहे, हे आता घरोघरी ठाऊक आहे. मनोऱ्याकडून आलेले इंटरनेट मोबाइल आपल्यापाशी घेतो आणि वायफायने लॅपटॉपला वाटतो. केबल लावली तरी चालते, मग बॅटरीचीही चिंता नाही. ब्लूटूथनेही जमते, पण ते बैलगाडीच्या चालीने. फार पूर्वी हेच करण्यासाठी मोबाइलला मोडेम बनवून लॅपटॉपवरून एक विशिष्ट नंबर फिरवावा लागे आणि ते जमले, तर तो माणूस गल्लीत विद्वान ठरे. २०१० च्या सुमारास ही सोय अँड्रॉइड फोनमध्येच आली आणि विद्वत्ता संपली. पुतणीने माझ्या मोबाइलवर दोनदा बोट टेकवले आणि तिचा लॅपटॉप जागा झाला. जागा होताच त्याने आपले जुने थकलेले अपडेट उतरवायला सुरुवात केली. पोरीने 'मीटर्ड कनेक्शन'चा पर्याय लावून त्याचे तोंड बंद केले नसते, तर माझा दिवसाचा दीड जीबी चार वाजायच्या आतच संपला असता.

कॉलेजांची यादी तिने भराभर भरली. शेवटच्या पायरीवर पडद्याने ओटीपी मागितला. नोंदणीचा मोबाइल अर्थातच वडिलांचा. म्हणजे नेट माडीवर, मुलगी माडीवर आणि सहा आकडे आटपाडीच्या बाजारात, खिशात!

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. तिथे स्ट्राँगरूमची तिजोरी कधी एका किल्लीने उघडत नाही. एक किल्ली एका अधिकाऱ्याकडे, दुसरी दुसऱ्याकडे. एखादा रजेवर जायचा, तर रजिस्टरात सही करून किल्ली दुसऱ्याच्या हवाली करायची. हा अविश्वास नव्हे. माणूस आजारी पडतो, एसटी चुकते, आणि काउंटरपुढे उभ्या असलेल्या खातेदाराला पैसे तर मिळालेच पाहिजेत, एवढाच त्यामागचा हिशेब. घराच्या इंटरनेटची किल्ली मात्र आपण बिनदिक्कत एकाच खिशात ठेवली आहे.

१९९५ च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, ते टेलिफोनच्या तारेवरून. नेट लावले की फोन बंद, फोन आला की नेट तुटले, मोडेमची ती किरकिर वेगळीच. त्या तारेच्या आठवणीने गहिवरावे असे काही नाही. पण ती तार घराची होती. बाप कामावर गेला, म्हणून भिंतीतून उपटून बरोबर नेता येत नव्हती.

आपल्याकडे २०२४ अखेर इंटरनेटचे सुमारे ९७ कोटी ग्राहक होते, त्यांत तारेने जोडलेले फक्त चार कोटींच्या आसपास. बाकी सारा कारभार मोबाइलवर, म्हणजे खिशांवर. आणि खिसे कुणाचे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी कधी तरी इंटरनेट वापरलेल्या ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के निघाले. त्यानंतर चित्र पालटले असेल, पण आमच्या माडीवर त्या दुपारी ते जसेच्या तसे उभे होते.

चुलतभाऊ वाईट माणूस नाही. सौद्यात मोबाइलशिवाय त्याचे चालणार कसे? भाव त्यावर, व्यापारी त्यावर, पैसेही त्यावरच जमा. पण हेही खरे, की ही व्यवस्था अनेक बापांच्या पथ्यावर पडते. पोरीच्या हातात मोबाइल द्यायचा नाही. आपण घरी बसलो असू, तेवढा वेळ हॉटस्पॉट सोडायचा. नळाला पाणी सोडावे तसा. मग 'आम्ही मुलीला लॅपटॉप घेऊन दिलाय' असे सांगायला मोकळे.

ओटीपीचे पुढे असे झाले, की पहिला आला तेव्हा फोन उचलला गेला नाही. दुसऱ्याच्या वेळी उचलला गेला, पण सौद्याच्या गलक्यात ऐकू येईना. आकडे कळेपर्यंत त्याची मुदत संपली. तिसऱ्या वेळी मीच ओरडून आकडे विचारले. ज्या माणसाने नोकरीच्या अखेरच्या वर्षांत शेकडो खातेदारांना "फोनवर कुणालाही ओटीपी सांगू नका" म्हणून बजावले, त्याच माणसाने! चार वाजून चाळीस मिनिटांनी फॉर्म गेला. पोरगी तिथेच जिन्यावर बसून रडली.

रात्री जेवताना मी म्हटले, कपाटातल्या तडा गेलेल्या जुन्या हँडसेटमध्ये दुसरे सिम घालून तो घरातच ठेवा. देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर राहू दे. ज्याला लागेल त्याने हॉटस्पॉट लावावा, बाहेर कुणी न्यायचा नाही. चुलतभावाने रिचार्जचा हिशेब काढला. महिन्याचा खर्च औषधाच्या एका फवारणीहूनही कमी निघाला, तरी तो जरा गप्पच होता. मग म्हणाला, "बरं. उद्या विट्यात माझ्या नावावर काढतो."

मुलीच्या नावावर निघणार नव्हते. तिला अठरा पूर्ण व्हायला चार महिने होते. भाकरी वाढता वाढता तिची आई थांबली.

"माझ्या नावावर काढा," ती म्हणाली. "माझं आधार कार्ड हाय की."