पेठेत राहणं चांगलं का? एका पालकाने विचारलेला प्रश्न



'खेडे बरे की शहर' हा निबंध आपण सगळ्यांनीच लिहिलाय आणि आता मुलांकडून लिहून घेतो. त्याचं उत्तर ठरलेलं असतं. खेड्यात शुद्ध हवा, हिरवीगार शेतं, माणुसकी. शहरात धूर, गर्दी, गोंगाट, शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. शेवटी 'म्हणून मला माझे गाव आवडते'. आठ-दहा वर्षं मीसुद्धा हाच निबंध फळ्यावर लिहून दिला. मुद्दे पाठ, मार्क पक्के!

मागच्या मार्चमध्ये चौथीतल्या एका मुलीचे वडील शाळेत आले. सणसवाडीला कंपनीत आहेत, एक आठवडा दिवसपाळी आणि एक आठवडा रात्रपाळी. म्हणाले, "मॅडम, हिची आत्या पुण्यात कसब्यात राहती. पाचवीला तिकडं ठेवायचा विचार आहे. पेठेत पोरीला ठेवणं बरं का?"

मी पटकन म्हटलं, "नको दादा. इथं मोकळी हवा आहे, तिथं काय आहे?"

ते मान हलवून गेले. संध्याकाळी लक्षात आलं की मी त्यांना माझ्याच फळ्यावरचा निबंध म्हणून दाखवला होता. ती आत्या कुठल्या आळीत राहते, घर कसं आहे, शाळा किती लांब आहे, यातलं मी काहीच विचारलं नव्हतं. मी स्वतः डी.एड. करताना दोन वर्षं नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहिलेली. एका खोलीत चौघी, खानावळीचा डबा, सकाळी नळाला रांग. म्हणजे मला माहीत होतं, तरी मी निबंधातलंच बोलले.

पुढच्या रविवारी मी, ती मुलगी आणि तिची आई अशा तिघी कसब्यात गेलो. जाणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय. कोरेगाव भीमाहून बसने रामवाडी, तिथून मेट्रो, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची आणि कसबा पेठ स्टेशनला उतरायचं. जमिनीखालची ही मेट्रो 29 सप्टेंबर 2024 ला सुरू झाली. प्रवासात सगळ्यात जास्त वेळ कुठे गेला, तर नगर रोडवर. आपल्या 'मोकळ्या हवेच्या' रस्त्यावर!

आता काय बघितलं ते सांगते.

आत्याचं घर म्हणजे जुन्या वाड्यातल्या दोन खोल्या. कसबा ही पुण्याची सगळ्यात जुनी वस्ती, बाकीच्या पेठा नंतर वसल्या. गल्ली इतकी अरुंद की समोरून स्कूटर आली तर आपण कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. अग्निशमनची गाडी आत येणं शक्य नाही. संडास मागच्या बाजूला, तीन बिऱ्हाडांत एक. पाणी ठरलेल्या वेळेला. एका भिंतीला ओल होती आणि तिच्यावर कॅलेंडर लावलं होतं. कॅलेंडर भिंतीवर कुठे लावलंय ते बघत जा, मी दोन वर्षांत एवढं शिकलेय.

पण त्याच गल्लीच्या तोंडाशी गिरणी आहे. तिच्या शेजारी इस्त्रीवाला, पुढे किराणा, समोर चहाची टपरी. आम्ही आत शिरलो तोच गिरणीवाल्या काकांनी विचारलं, "कुणाकडं?" आत्याचं नाव सांगितल्यावर म्हणाले, "मग ही भाची होय. पाचवीला येणार ना?" पोरगी अजून आलीसुद्धा नव्हती, आणि गल्लीला ती कितवीला जाणार ते ठाऊक! मुलीच्या आईला ते जरा खटकलं. मला मात्र बरं वाटलं.

अमेरिकेत जेन जेकब्स नावाच्या बाईंनी 1961 मध्ये मोठ्या शहरांवर एक पुस्तक लिहिलं, ते खूप गाजलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: रस्ता सुरक्षित राहतो तो दिवसभर त्याच्याकडे डोळे लागलेले असतात म्हणून. दुकानदार, खिडकीतल्या आजी, येणारे-जाणारे यांचे डोळे. पोलीस नंतर. घरं आणि दुकानं वेगवेगळी केली, रस्ते रुंद आणि रिकामे केले, की हे डोळे जातात. जुनी गजबजलेली वस्ती बघून नगररचनाकार तिला 'झोपडपट्टी' म्हणत आणि पाडायला निघत, त्यावर त्यांचा राग होता. त्या गिरणीवाल्या काकांना बघून मला तेच आठवलं. निबंधात आपण लिहून देतो की शहरात कुणी कुणाला ओळखत नाही. ते वाघोलीच्या नव्या सोसायट्यांत खरं असेल. कसब्यात गुपित राहिलं तर नवल.

शाळेचं म्हणाल तर शिक्षणहक्क कायदा शाळेचं अंतर मोजतो. पहिली ते पाचवीला एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीला तीन किलोमीटरच्या आत. कायदा करणाऱ्यांनी मूल चालत जाईल असं धरलंय, हे मला त्या कायद्यातलं फार शहाणपणाचं कलम वाटतं. पेठांमध्ये हे सहज जमतं. मराठी शाळा, मुलींची हुजूरपागा (ती 1884 पासून आहे), महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं, सगळं पायी. आमच्याकडे आठवीनंतर बहुतेक मुली कुणाच्या तरी गाडीवर अवलंबून असतात. गाडी नाही तर शाळा नाही. किती मुलींची हजेरी या एका कारणाने पडते ते तुम्ही तुमच्या हजेरीपटात बघा.

म्हणून माझं मत सांगते. एखादी वस्ती राहायला चांगली का, हे ठरवायला मी आता पहिला प्रश्न विचारते: दहा वर्षांची मुलगी तिथे एकटी शाळेत चालत जाऊन परत येऊ शकते का? हवा, झाडं, पार्किंग नंतर.

आणि हा प्रश्न पुण्याच्या पेठेतच विचारायला हवा. कारण बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात 1 जानेवारी 1848 ला जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, आणि तिथे शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाईंवर रस्त्यात लोकांनी शेण आणि दगड फेकले. विचार करा, त्या रस्त्यावरसुद्धा डोळे होतेच की! गल्लीला सगळं ठाऊक होतं, सगळे एकमेकांना ओळखत होते. ज्याला आपण माणुसकी म्हणतो तीच घट्ट वस्ती एका बाईच्या अंगावर आली. फुल्यांचं गंज पेठेतलं घर तुम्ही पाहिलं असेल. तिथला हौद त्यांनी 1868 मध्ये अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला, कारण आजूबाजूला पाणी होतं पण ते सगळ्यांसाठी नव्हतं. तेव्हा 'वस्ती चांगली आहे' असं कुणी म्हटलं की पुढे 'कोणासाठी?' असं विचारायची सवय मी लावून घेतलीय. आत्याला मी हे सरळच विचारलं. भाड्याने खोली शोधताना आजही आडनाव विचारतात का? ती हसली आणि म्हणाली, "विचारतात. पण पोरीला शाळेत जाताना कुणी विचारणार नाही." दोन्ही उत्तरं मी लिहून घेतली.

नावलौकिकाचंही थोडं बोलते. बुधवार पेठ म्हटलं की आपल्याकडचे पुरुष एकमेकांकडे बघून हसतात. त्याच पेठेत तांबडी जोगेश्वरी आहे, दगडूशेठचा गणपती आहे, तुमच्या-माझ्या सगळ्या गाईडबुकांचा बाजार आहे आणि मुलींची ती शाळा होती. एका गल्लीवरून सगळ्या पेठेला नाव पडलं. आपण वढूकरांनी तरी हसू नये. संभाजी महाराजांच्या समाधीचं गाव म्हणून आपल्याला अभिमान आहे, पण 2018 च्या जानेवारीनंतर कितीतरी लोकांनी या परिसराला तेवढ्याच बातम्यांवरून ओळखलं. बदलीच्या वेळी 'तिकडं कशाला' असं मला नातेवाइकांनीच विचारलं होतं. इथे राहून, शाळेत सगळ्या घरांतली मुलं एका पंगतीला खिचडी खाताना रोज बघून, मला माहितेय की बाहेरून दिसतं तेवढंच गाव नसतं.

आता पेठेच्या विरुद्ध जे आहे तेही लपवणार नाही. गणपतीत झोप होत नाही. विसर्जनाची मिरवणूक चोवीस तासांहून जास्त चालते आणि लहान मुलांच्या कानांना त्या स्पीकरचा त्रास होतो, याला 'परंपरा' म्हणून सोडून देऊ नये. खेळायला मैदान नाही. आमची मुलं सुट्टीत जेवढं पळतात तेवढं तिथे आठवड्यातही होणार नाही. ती मुलगी कबड्डी चांगली खेळते, तिचा हा तोटा खरा आहे आणि गिरणीवाले काका तो भरून काढू शकत नाहीत. नदीकाठच्या आळ्यांत पुराचंही विचारावं. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा काठच्या पेठांत पाणी शिरलं होतं, आणि म्हातारी माणसं पाणी कुठवर आलं होतं ते बोटाने दाखवतात.

सगळ्यात मोठी भीती मात्र छपराची. हे जरा समजून घ्या. वाड्यांत जुने भाडेकरू, भाडं नाममात्र. मालक म्हणतो, एवढ्या भाड्यात डागडुजी कशी करू? भाडेकरू म्हणतो, घर माझं नाही, पैसे कशाला घालू? भाडेनियंत्रण कायदा 1999 चा नवा झाला तरी हा पेच सुटला नाही. वारस दहा-बारा, प्लॉट लहान, गल्ली अरुंद, म्हणून बिल्डरही लवकर हात घालत नाही. मग वाडा हळूहळू खचतो. दर पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते आणि माणसं तिथेच राहतात, कारण जायला जागा नसते. मी राहत होते त्या वाड्यात जुलैच्या एका रात्री जिन्यावरचा पोपडा आणि दोन वासे खाली आले. आम्ही चौघी वरच्या खोलीत होतो. मालकांनी दुसऱ्या दिवशी जिन्याला बांबूचा टेकू दिला. तोच टेकू मी पास होऊन निघाले तेव्हाही होता.

तर मुलीच्या वडिलांना मी दुसऱ्यांदा काय सांगितलं? म्हटलं, "दादा, माझं पहिलं उत्तर घाईचं होतं. वस्ती चांगली आहे. तुमची रात्रपाळी असताना पोरगी फाट्यावर गाडीची वाट बघत उभी राहते, त्यापेक्षा तिथे ती जास्त सुरक्षित आहे. आत्या मायेची आहे. पण वस्ती चांगली असली म्हणजे घर चांगलं असं नाही. वाड्याला नोटीस आलीय का, इंजिनिअरने तपासणी केलीय का, ते आधी विचारा. कागद बघा. तोंडी 'काही होत नाही' चालणार नाही." आणि जमलं तर एकदा पावसात रात्री तिथे जाऊन झोपा, असंही म्हटलं. रविवारच्या दुपारी, पाहुणे म्हणून, प्रत्येक घर चांगलंच वाटतं.

ते म्हणाले, "मॅडम, बहिणीला कागद मागायचा म्हंजी तिला वाईट वाटंल."

हे मला सुचलंच नव्हतं. आपण सल्ला देतो तेव्हा नातं मध्ये असतं हे विसरतो. शेवटी ठरलं की वडिलांनी न विचारता मुलीच्या आईने, वहिनीच्या नात्याने, बोलता बोलता विचारायचं.

वर्गात मी यंदा निबंधाचा विषय बदलला. 'मी राहतो/राहते तिथे मी एकटी कुठपर्यंत जाऊ शकते?' मुद्दे दिले नाहीत. एकाने लिहिलं, ओढ्यापर्यंत, पण ट्रक असतील तर नाही. तिघी मुलींनी लिहिलं, देवळापर्यंत. एकीने फक्त 'दारापर्यंत' एवढंच लिहिलं, आणि तिच्या घरी मला जाऊन यायचंय. तुमच्या वर्गात हा विषय देऊन बघा आणि मुलांनी काय लिहिलं ते मला नक्की कळवा.

कसब्यातून निरोप आलाय की नोटीस दोन वर्षांपूर्वी आली होती, तपासणीचं मालकांना विचारून सांगते. शाळा जूनच्या मध्याला उघडते. दाखला मी लिहून ठेवलाय, सही अजून केलेली नाही.